ताप उतरलेला जिल्हा

घर भाड्याने बघायला गेलं की काय काय विचारतात, ते मला पाठ झालं होतं. जेवणात काय चालतं, पाहुणे किती येतात, आडनाव काय, आणि आडनाव कळल्यावर पुढचं सगळं न विचारताच. इंदिरानगरातल्या त्या तीन मजली घराच्या पायऱ्यांवर उभी राहून मी उत्तरं मनात घोकत होते. घरमालक काकांनी दार उघडलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "नकाशा वाचता येतो का?"

"हिला येतो," नवरा म्हणाला. अवघड प्रश्न माझ्याकडे सरकवायची त्याची सवय लग्नाइतकीच जुनी आहे.

मी शाळेत क्लार्क आहे. शाळेत नकाशे असतात, ते कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा भूगोलाशी संबंध. तरी "येतो" म्हणाले. काकांनी आम्हाला हॉलमध्ये नेलं. एक अख्खी भिंत आफ्रिकेने व्यापली होती आणि त्या आफ्रिकेत शेकडो टाचण्या टोचलेल्या होत्या.

"चाड दाखवा."

मी देवाचं नाव न घेता, आमच्याकडे ती पद्धत नाही, एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा चाडच, पण तलाव. मी देश विचारला होता," काका म्हणाले. मग जरा विचार करून, "चालेल. निदान जवळ गेलात."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना बसू तरी द्या. सुदान कुठे पळून जात नाही."

"सुदानच तर पळतोय," काका म्हणाले.

असं आम्हाला ते घर मिळालं. तिसरा मजला, गॅलरीत ऊन आणि जाता-येता जिन्यात आफ्रिका.

काका हिवताप विभागातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं सुरगाण्याच्या डोंगरात गेली. तिथे कर्मचारी पाड्यापाड्यावर जाऊन तापाच्या माणसाच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घेत, ते तपासलं जाई आणि हिवताप निघाला की काका तालुक्याच्या नकाशात टाचणी लावत. टाचण्या कुठून कुठे सरकतात ते बघून पुढची फवारणी ठरे. निवृत्त झाल्यावर ऑफिसचा नकाशा ऑफिसात राहिला. काका जिल्ह्याचा नकाशा शोधायला जुन्या बाजारात गेले, तर तिथे कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेचा आफ्रिकेचाच नकाशा होता. "कापडी होता. कापडी नकाशा टाचणीला चांगला," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं.

काही महिने तो नुसता लटकत राहिला. मग एका बातमीत मालीतल्या एका गावाचं नाव आलं. काकांनी ते शोधून टाचणी लावली. थोड्या दिवसांनी शेजारच्या गावाचं नाव आलं. मग त्याच्या खालच्या. "तेव्हा मला कळलं," काका सांगायचे, "हा ताप आहे. हा चालतो."

युद्ध हा शब्द त्यांच्या तोंडून मी फारसा ऐकला नाही. ते ताप म्हणायचे. प्रांताला तालुका म्हणायचे, वस्तीला पाडा. लाल टाचणी म्हणजे माणसं मारली, पिवळी म्हणजे गाव सोडून गेली, निळी म्हणजे रस्ता बंद. टाचण्या होमिओपॅथीच्या बाटल्यांमध्ये ठेवलेल्या असत. महिनाअखेरीला नकाशावर अर्धपारदर्शक कागद लावून ते सगळ्या टाचण्या पेन्सिलीने उतरवून घेत, आणि असे पाच-सहा महिन्यांचे कागद एकावर एक ठेवून हॉलच्या खिडकीच्या काचेवर धरत. मागून ऊन आलं की ठिपक्यांचा एक धूसर ढग दिसे. तो ढग मालीच्या उत्तरेकडून मध्यावर, तिथून बुर्किना फासोत आणि तिथून खाली बेनिन-टोगोच्या डोक्यापर्यंत उतरत गेलेला होता. त्याला ते सरक म्हणत.

मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत असले की खालून आवाज यायचा, "मॅडम, या महिन्यात सरक दक्षिणेला आहे हं."

"बरं काका," मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? कोणी सांगितलं पाऊस येतोय, तर आपण दोरीवरचे कपडे काढतो. सरक दक्षिणेला आहे म्हटल्यावर इंदिरानगरातल्या बाईने काय काढायचं?

काँगोच्या पूर्वेकडे तर टाचणी काढायची वेळच येत नसे. एक काढावी तर तिथेच दुसरी. शेवटी त्या जागी कापडाचीच चाळण झाली आणि मागचा गिलावा दिसायला लागला. काकांनी तिथे जखमेवर लावतात ती चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर पुन्हा टाचण्या.

कॉलनीत अर्थातच त्यांची थट्टा व्हायची. एकदा सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी फाटकातून विचारलं, "काय काका, कोण जिंकतंय?"

काका शांतपणे फाटकाबाहेर गेले, त्या गृहस्थांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले, नकाशासमोर उभं केलं आणि एका लाल टाचणीवर त्यांचं बोट ठेवलं. "हे एक गाव. बाजाराचा दिवस होता. आता मला सांगा, कोण जिंकलं?"

त्या गृहस्थांनी फिरायचा रस्ता बदलला.

मी मात्र त्यांची नक्कल करायचे. लग्नात, नामकरणात, कुठे चार माणसं जमली की कोणीतरी म्हणायचं, तुझे आफ्रिकावाले काका कर. मी चष्मा कपाळावर ढकलून "या महिन्यात सरक दक्षिणेला आहे" म्हणायचे आणि सगळे लोळायचे. सगळ्यात जास्त हसायचा माझा धाकटा भाऊ, भूषण. हे सगळं मी आजही तसंच हसून सांगितलं असतं, पण तो काकांच्या शब्दावर तिकडे गेला.

भूषण बोअरवेलच्या गाडीवर मेकॅनिक होता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, दिंडोरीजवळच्या आमच्या गावात आईजवळ राहायचा. त्याला पाणी लागायच्या क्षणाचं वेड होतं. आधी कोरडी भुकटी उडते, मग ती ओली होते, मग सगळे मागे सरकतात, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की मी स्वतः बोअर मारू शकेन असं मला वाटायचं. त्याला एका कंपनीकडून बोलावणं आलं. काम बुर्किना फासोत, पूर्वेकडच्या एका जिल्ह्यात. गावाचं नाव मी लिहीत नाही. ते लिहायला घेतलं की माझा हात थांबतो.

आई म्हणाली, "तुझ्या त्या नकाशावाल्या भाऊंना इचार. ते हो म्हनले तर जाऊंदे."

तोवर ज्या माणसाची मी नक्कल करत होते, त्याच्याच समोर मी भावाला घेऊन बसले. काकूंनी पोहे दिले. भूषण माझ्याकडे बघून हसू दाबत होता.

काकांनी कागद काढले. खिडकीवर धरले. त्या जिल्ह्यावर जुन्या कागदांत ठिपके दाट होते, मग विरळ झाले, आणि शेवटच्या चार कागदांवर काहीच नव्हतं. पांढरं.

"सरक खाली गेलेली दिसते," काका म्हणाले. "पण मला अजून एक महिना बघू दे."

"काका, पंधरा दिवसांनी विमान आहे," मी म्हटलं. "तुम्ही कधी हो किंवा नाही असं बोलतच नाही. आज बोला."

काकांनी पुन्हा कागद धरले. मला आठवतं, काकू म्हणाल्या, "घाई करू नका त्यांना." आणि मी म्हटलं, "काकू, घाई आहेच."

"ताप उतरलाय," काका म्हणाले. "उतरलाय असं दिसतंय."

मी "असं दिसतंय" आईला सांगितलं नाही. फोनवर सांगितलं, काका हो म्हणाले.

त्यानंतर काकांनी भूषणला अर्धा तास धरून ठेवलं, ते हिवतापावर. मच्छरदाणी कशी खोचायची, संध्याकाळी बाह्या का खाली करायच्या, ताप आला की पहिल्या दिवशीच रक्त कसं तपासायचं. औषध लावलेली एक मच्छरदाणी त्याच्या पिशवीत कोंबली.

"काका, आणि माणसांचं काय करायचं?" भूषणने विचारलं. "बंदुकीवाल्या?"

"रस्त्याने लांब जायचं नाही. बाकी तो जिल्हा शांत आहे. पण डास कुठलाच शांत नसतो."

जिना उतरताना भूषण म्हणाला, "ताई, माणूस भारी आहे. युद्धाला दोन मिनिटं, डासांना अर्धा तास." आम्ही फाटकापर्यंत हसत गेलो.

चार महिने रविवारी फोन येत राहिला. तो आईला तिथल्या मातीचा रंग सांगायचा. मग एका रविवारी आला नाही. सोमवारी काकांनी जिन्यात विचारलं, "भूषणचा फोन?" मी म्हटलं, नेटवर्क नसेल. काकांचा चेहरा कसा झाला ते मी तेव्हा बघितलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. नेटवर्क नसेल, हे मी धीर म्हणून बोलले होते. ते आत गेले आणि दुपारभर त्यांनी दार लावून घेतलं.

गुरुवारी कंपनीचा फोन आला. लांबच्या एका गावात बोअर मारून तिघं परत येत होते. वाटेत गाडी अडवली. भूषण आणि तिथला एक मदतनीस जागेवर गेले, ड्रायव्हर झाडीतून पळाला. पेटी यायला बरेच दिवस लागले. ती बंद होती आणि उघडू नका असं आम्हाला सांगितलं होतं. आईने पेटीवर हात फिरवला, सगळ्या बाजूंनी, कडा कुठे आहेत ते बघितल्यासारखा.

काकांशी मी बोलणं टाकलं. मी काय काय बोलले असते ते सगळं माझ्यावरच येत होतं म्हणून टाकलं, हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त जिन्यात मान खाली घालून जायचे. खालून आता आवाज येत नसे. काकू रोज डबा वर आणून ठेवायच्या आणि रिकामा घेऊन जायच्या. एकदा म्हणाल्या, "ते जेवत नाहीत. तुम्ही तरी जेवा."

एके दिवशी शाळेतून आले तर काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले होते. त्यांचे गुडघे गेलेले, ते कधी वर येत नसत. मला जायला जागा नव्हती.

"सुरगाण्याला एक पाडा होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तीन महिने तिथून तापाचा आकडा शून्य. मी खूश. टाचणीच नाही. साहेबांनाही दाखवलं, बघा, इथला हिवताप गेला. मग एकदा स्वतः चालत गेलो, तर घरांना कड्या. सगळा पाडा द्राक्षांच्या कामाला खाली उतरलेला, पोराबाळांसकट. कर्मचारी खोटं बोलला नव्हता. त्याला तापाचं माणूस सापडलं नाही, त्याने शून्य लिहिलं. माणूसच नव्हतं."

मी पिशवी खाली ठेवली.

"तिथे तसंच झालं, मॅडम. मी आता एकेक बातमी मागे जाऊन बघितली. फोनचे मनोरे पाडले, रस्ता तोडला, मास्तर गेले, दवाखाना गेला. बातमी देणाराच राहिला नाही. म्हणून माझा कागद पांढरा. ताप उतरला नव्हता. सांगणारं कोणी उरलं नव्हतं." मग म्हणाले, "आणि हे मला तिसाव्या वर्षी माहीत होतं. पायाने चालत जाऊन शिकलो होतो मी हे."

"काका, तुम्ही एक महिना मागितला होता," मी म्हटलं. एवढंच म्हणायला मला किती आठवडे लागले होते.

"मागितला होता," ते म्हणाले. "पण तो मिळणार नाही म्हटल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी बोललो."

त्यानंतर नकाशात एक चौथा रंग आला. जिथून बातमी यायची थांबली तिथे काका पेन्सिलीने राखाडी करायला लागले. दर महिन्याला राखाडी वाढत गेलं. लाल टाचण्यांकडे बघून मला आधी भीती वाटायची. आता त्या गावात निदान फोन चालतो, असं वाटायला लागलं.

भूषणसाठी जलदानाचा विधी गावी झाला होता, त्याला काका आले होते आणि सगळ्यात मागे, बूट काढून, उन्हात उभे राहिले होते. आई त्यांच्याशी बोलली नव्हती. दोन महिन्यांनी ती माझ्याकडे आली आणि पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाली, "मला त्या भाऊंचा नकाशा दाव."

मी म्हटलं, कशाला?

"दाव म्हनते ना."

काकांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. नकाशासमोर उभी राहिली, त्या सगळ्या टाचण्यांकडे बघत. "एवढे आईबाप," ती म्हणाली. मग, "माझा कुठं?"

काकांनी बोट ठेवलं. तिथे टाचणी नव्हती, राखाडी होतं. टाचणी त्यांच्याच्याने लावली गेली नव्हती. आईने त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.

मला वाटलं आता ती रडेल, किंवा त्यांना बोलेल. बोलण्याचा तिला हक्क होता आणि काका त्यासाठी तयार होऊन उभे होते, हात बाजूला सोडून, शाळेतल्या पोरासारखे.

आई म्हणाली, "भाऊ, तिथं पानी लागलं का?"

काकांना कळलंच नाही. "काय, ताई?"

"बोर मारून येत व्हता ना माझा भूषण? त्या बोरला पानी लागलं का? तेवढं मला सांगा. बाकी मला काय कळत नाय."

काकांना त्या देशातल्या पाड्यांची नावं पाठ होती, कुठला पूल कधी तुटला ते माहीत होतं. हे माहीत नव्हतं. "मी शोधतो," ते म्हणाले.

त्यांनी ते कसं शोधलं ते मी जवळून बघितलं. कंपनीच्या ऑफिसला ते रोज फोन करायचे. तिकडे ओळखायला लागले, मग उचलेनासे झाले, तरी करायचे. शेवटी कोणीतरी कंटाळून त्या वाचलेल्या ड्रायव्हरचा नंबर दिला. ड्रायव्हर फ्रेंच बोलायचा. काका मोबाइलमध्ये मराठीत वाक्य बोलायचे, मोबाइल त्याचं फ्रेंच करायचा, आणि तिकडून जे यायचं ते मराठीत वाचलं की कधी गाडीची आजी झालेली असायची, कधी पावसाची गाडी. एकेक वाक्य ते तीनतीनदा विचारून पक्कं करायचे. सहा आठवडे चाललं हे. एका संध्याकाळी ते पुन्हा जिना चढून आले, या वेळी थेट माझ्या दारापर्यंत.

"लागलं होतं," धापा टाकत म्हणाले. "त्याच दिवशी सकाळी. चांगलं. ड्रायव्हर म्हणतो, भूषण भिजला होता सगळा, हसत होता."

मी त्यांना आत बोलावलं. काका तसेच थांबले होते.

"अजून काय, काका?"

"चार दिवसांनी ते गाव उठलं. गाडीचं झालं ते कळल्यावर कोणी थांबलं नाही. आता तिथे कोणी नाही, मॅडम. बोअर आहे, हातपंप आहे. माणूस नाही."

आई पुढच्या रविवारी आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. काकांनीच सांगायचं असं आमचं ठरलं होतं, काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. आम्ही त्यांच्या हॉलमध्ये बसलो. काकूंनी चहा आणला आणि त्याही तिथेच टेकल्या.

"पाणी लागलं होतं, ताई," काका म्हणाले. "भरपूर. भूषण भिजून गेला होता."

आईने पदर तोंडावर धरला. मग पदर बाजूला करून विचारलं, "मंग आता पेत आसतील लोकं?"

अख्ख्या कॉलनीत या माणसाला कोणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. एक गाव चुकीच्या तालुक्यात लावलं म्हणून त्यांनी महिन्याचा कागद फाडून पुन्हा उतरवलेला मी बघितला आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही, मान हलवली नाही की डोळे मिटले नाहीत.

"पितात, ताई."

"घरं किती हायेत तिथं?"

काका नकाशाकडे पाठ करून बसले होते.

"असतील चाळीसेक," ते म्हणाले.

आईने हिशोब केल्यासारखी बोटं मिटली, उघडली. "चाळीस घरांना एक बोर," ती म्हणाली. "पुरंल मग."